टोकाकडून

ज्या वर्षी माझा नातू ऋतुराज यानं रजिस्टर लग्न केलं, त्याच वर्षीच्या श्रावणात माझ्या भावानं माझ्यापुढे हात पसरला आणि म्हणाला, "अक्का, हे काढून टाक."

मी तांदूळ निवडत होते. त्याच्या उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर केलेली होती. रघुजीची बाही वर गेलेली मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. पन्नास वर्षं तो पूर्ण बाह्यांचाच शर्ट घालत आला, भर उन्हाळ्यातसुद्धा. ऋतुराजच्या लग्नाचं जेवण बेळ्ळंदूरच्या एका मोठ्या हॉटेलात होतं. तिथे त्याची बाही पायसात बुडाली. नवी नातसून म्हणाली, "आजोबा, फोल्ड करा ना." तरी तो ओल्या बाहीनंच जेवला.

आणि आता ती तलवार माझ्या डोळ्यांसमोर होती. मीच गोंदलेली. कोपराखाली मूठ, मुठीवर कोयरी, मग लांब पातं, पात्याच्या मधोमध बारीक ठिपक्यांची रेघ, आणि मनगटावर, तळव्याच्या तोंडाशी, टोक. कातडी सैल पडली होती. रंग हिरवट झाला होता. पण मूठ अजून सुबक होती. खरं सांगायचं तर मला आधी तेच दिसलं. तो काय मागतोय ते मागाहून कानात शिरलं.

"गोंदण निघत नसतं, रघू. तुला ठाऊक आहे."

"मग झाकून टाक. वर वेल काढ, पानं काढ. आई काढायची तसली. तलवार दिसता कामा नये, एवढंच."

"पंचाहत्तरी झाली तुझी. आता कोण बघायला बसलंय?"

"सगळेच बघतात. आठवड्यातनं तीनदा."

ते खरं होतं. त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेल्या वर्षी निकामी झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार आम्ही दोघं आमच्या आनेकल गावाहून बस धरायचो आणि डायलिसिसच्या केंद्रात जायचो. तिथे डावा हात यंत्रासाठी. त्या हाताला ब्लडप्रेशरचा पट्टा लावायचा नसतो, तो उजव्या हाताला. म्हणून उजवी बाही वर करावीच लागायची, आणि मग चार तास ती तलवार खुर्चीच्या दांडीवर पडून राहायची, समोरच्या खुर्चीकडे टोक करून. यल्लव्वा नावाची जुनी नर्स होती. माणूस फार चांगली. ती रोज म्हणायची, "मिल्ट्री तात आले बघा, तलवार घेऊन. आज कोणाचा नंबर?" सगळी खोली हसायची. समोरचा पेशंट फोन काढून फोटो घ्यायचा. रघुजी भिंतीकडे तोंड करायचा आणि पट्ट्याचा आकडा चढायचा.

रघुजीचं आयुष्य सांगण्यासारखं फार नाही. अठराव्या की एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला. एकाहत्तरची लढाई बघितली. पंधरा वर्षं काढून परत आला आणि मग एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन तेवीस वर्षं उभा राहिला. ती बंदूक त्यानं एकदाही उडवली नाही. म्हातारी माणसं त्याच्याकडून पैसे भरायची स्लिप लिहून घ्यायची, तेवढी लिहायला बंदूक खांद्याला अडकवायची. कौशल्याशी लग्न झालं, मूल झालं नाही. कौशल्या गेल्यावर तो माझ्याकडे राहायला आला. एक ट्रंक, चार शर्ट. पूर्ण बाह्यांचे.

तलवार त्यानं मागितलीच नव्हती. फौजेत निघाला तेव्हा आईला जाऊन दोन महिने झाले होते. आई आठवड्याच्या बाजारांत गोंदायला बसायची. तिच्या स्वतःच्या मनगटावर एक वेल होती, सात पानांची. रघुजी मला म्हणाला, "मला आईची वेल काढ. लांब चाललोय." मी काजळी खलायला घेतली, तेवढ्यात आमचा बाप आला. बाप धान्याच्या दुकानात पोती उचलायचा, पण दसऱ्याला घरातली गंजकी तलवार चिंचेनं घासून पाटावर ठेवायचा आणि आपले पूर्वज राजांच्या फौजेबरोबर या मुलखात आले, हे सगळ्यांना पुन्हा ऐकवायचा.

"वेल?" बाप म्हणाला. "मग हिरवा चुडा पण भरून घे. मिल्ट्रीत नाचायला ठेवतील तुला." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तलवार काढ. टोक पुढं येऊ दे."

मी एकवीस वर्षांची. आईशिवाय केलेलं ते माझं पहिलं मोठं काम. पाटावरची तलवार समोर ठेवून मी ती काढली, तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधून, दोन दिवसांत. रघुजीनं तोंडातून आवाज काढला नाही. शेजारपाजारचे बघायला आले. पुढे मी बाजारात बसायला लागले तेव्हा बायका मला 'तलवारीवाली' म्हणायच्या.

म्हणून श्रावणात त्यानं हात पसरला तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टरला विचारावं लागेल बा. रक्त पातळ करायचं औषध देतात तुला. सुई लागली तर थांबायचं नाही."

"विचार."

"आणि माझा हात थरथरतो आता."

"थरथरू दे. पानंच तर काढायचीत."

"बघू. गणपती होऊ देत."

"सरी," तो म्हणाला, म्हणजे बरं, आणि बाही खाली करून बटण लावलं.

डॉक्टरांनी नको म्हटलं, हे खरं आहे. हात थरथरतो, हेही खरं. पण मी थांबले ते त्यासाठी नाही.

त्या मे महिन्यात आमच्याकडे शाल्मली आली होती. पुण्याची मुलगी. एचएसआर लेआउटमध्ये औषधाच्या दुकानावर तिचं टॅटूचं दुकान आहे, ती स्टुडिओ म्हणते. ऋतुराजनं तिच्याकडून दंडावर काहीतरी काढून घेतलं होतं आणि बोलताबोलता सांगितलं की माझी आजीपण हेच करायची. दुसऱ्या रविवारी ती स्कूटरवरून आनेकलला हजर. केस बारीक कापलेले, दोन्ही हात मनगटापासून खांद्यापर्यंत भरलेले. माझी सून सुचेता दारातच थबकली.

"आजी, तुम्ही हाताने करायचात? मशीनशिवाय?" शाल्मलीनं विचारलं. "सिरियसली, मला शिकवाल?"

तिनं मला तिचं यंत्र दाखवलं. मी विचारलं, "याला काय म्हणतात?"

"मशीन. लोक गन म्हणतात. मला नाही आवडत ते."

मग तिनं स्कूटरवरची गुंडाळी आणून चटईवर उलगडली. शेळीची कातडी, कमावून पातळ केलेली, दिव्यासमोर धरली तर उजेड पलीकडून येईल अशी. त्यांवर तिनं गोंदलं होतं. एका कातड्यावर रायफल, तिच्या नळीवर तुळशीची पानं. एकावर रणगाडा, त्याच्या पट्ट्यात विंचवांची रांग. हातबाँब, वर खवल्याखवल्यांत फुलं. बघत राहावं असं काम होतं आणि बघताना अंगावर काटाही येत होता.

"बंदुका काढतेस आणि सुईला बंदूक म्हटलेलं चालत नाही होय तुला?" मी म्हटलं.

ती हसली. "आजी, तोच तर प्रश्न आहे. ही हत्यारं इतकी सुंदर का दिसतात आपल्याला? मारायची वस्तू आहे. मग तिच्या मुठीवर नक्षी कशाला? मी प्रदर्शन करतेय यावर. नाव 'धार'."

मी तिला माझ्याजवळचे नमुने दिले. सीतेची न्हाणी, पाळणा, कोयरी, आईची वेल. रघुजी बाहेर गेला होता, आणि सुचेतानं उगीच फोनमधला एक फोटो काढून दाखवला. रघुजी दवाखान्यात पडलेला असतानाचा, हात उघडा.

शाल्मलीनं तो फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"हे तुम्ही केलंय?"

"हो."

"कितव्या वर्षी?"

"एकविसाव्या."

"आजी, मला ही तलवार द्या. कातडी जोडून सहा फुटांची करते. मधोमध लावते. खाली तुमचं नाव."

तिनं एक कागद काढला. त्यावर इंग्रजीत काय काय होतं. सुचेता वाचायला लागली, पण मी तिच्या हातून पेन घेतलं. एकसष्टाव्या वर्षी मी देवळाच्या हॉलमधल्या वर्गात कन्नड अक्षरं शिकले आणि मग सुचेतानं मला मराठी शिकवलं. त्याआधी सगळीकडे अंगठा. बाजारात बायकांच्या हातावर नवऱ्यांची नावं मी काढायची ती चित्र काढावं तशी, कोणीतरी कागदावर लिहून द्यायचं त्यावरून. कोणी माझी सही मागितली की मला अजून बरं वाटतं. कशावर करतेय ते मी विचारत नाही. मी सगळं नाव लिहिलं. सकवारबाई. दोन काने, शेवटची ई, सगळं जागच्या जागी.

तो हात रघुजीचा होता. त्याला मी विचारलं नाही.

आणि श्रावणात त्यानं 'झाकून टाक' म्हटल्यावर मी शाल्मलीला फोन केला. ती म्हणाली, "आजी, प्लीज, प्रदर्शन होईपर्यंत नको. ओरिजिनल हात तसाच हवा. रघुजीअण्णांना उद्घाटनाला आणाल ना?"

मी हो म्हटलं.

गणपती झाले. मी म्हटलं, दसरा होऊ दे. रघुजीचा पाय घरात ठरेना. सकाळी उठून बसस्टँडवर जायचा, बसच्या पाट्या वाचायचा आणि परत यायचा. खाट दारातून खिडकीशी, खिडकीतून पुन्हा दाराशी. जेवताना दोनदा उठायचा. दिवसाला लिटरभरच पाणी त्याला. तेवढी बाटली भरून सुचेता सकाळी ठेवायची आणि तो दिवसभर ती उजेडात धरून किती उरलं ते बघायचा.

"एके जागी बस रे," मी म्हणायची. "माझं डोकं फिरतं."

"तू कामाला लाग, मी बसतो," तो म्हणायचा.

दसऱ्यानंतर आमंत्रणाचं कार्ड आलं. जाड कागद. सुचेता घरी नव्हती, पोस्टमननं ते रघुजीच्या हातात दिलं. मी मागच्या दारी भांडी घासत होते. तो तिथे येऊन उभा राहिला.

"हा माझा हात आहे," तो म्हणाला.

कार्डावर तलवार होती. मुठीवरची कोयरी, ठिपके, सगळं. काळ्यावर पांढरं.

"हात कुठं आहे त्यात," मी म्हटलं. "नुसती तलवार आहे."

"खाली तुझं नाव आहे."

"माझंच काम आहे ना ते?"

"म्हणून गणपती झाले, दसरा झाला." त्याचा आवाज चढला नाही. तो दगडावर बसला. मग उठला, दोन पावलं चालला, पुन्हा बसला. "अक्का, तुला एक सांगतो. कौशल्याला पण सांगितलं नव्हतं."

मी नळ बंद केला.

"लढाईत आम्ही सीमेपलीकडे गेलो होतो. उसाचं शेत होतं. ओढा ओलांडताना बाही भिजली, थंडी वाजायला लागली म्हणून वर करून पिळली. शेताच्या कडेला त्यांचा एक जण पडला होता. माझ्याच वयाचा. पोटात लागलं होतं. ओठ पांढरे. मी बंदूक मागं टाकली आणि बाटली काढली. गुडघ्यावर बसून हात पुढं केला. त्यानं बाटली नाही बघितली. हात बघितला. टोक. आणि तोंड असं घट्ट मिटून घेतलं."

त्यानं स्वतःचे ओठ मिटून दाखवले.

"पाणी म्हणालो मी. पाणी तर त्याच्या भाषेतपण पाणीच. चार वेळा म्हणालो. बाटली ओठाला लावली तर सगळं हनुवटीवरनं गेलं. त्याला वाटलं, मी काहीतरी करणार. डोळे टोकावरनं हलले नाहीत. तसाच गेला. तहानलेला."

मागच्या गल्लीतून भाजीवाल्याची गाडी गेली. तिचा भोंगा लांब गेला.

"एवढी वर्षं मी बाही खाली करून काढली," रघुजी म्हणाला. "विसरलो नाही, पण चालत होतं. आता मला लिटरभर पाणी देतात. आता मला कळतं तहान म्हणजे काय. आणि समोरच्या खुर्चीतला माणूस माझ्या हाताचे फोटो काढतो."

त्याच क्षणी मी उठून सुया काढायला हव्या होत्या. मी म्हटलं, "आठ दिवस, रघू. उद्घाटन एवढं होऊ दे. मग लगेच."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुझं नाव भिंतीवर लावणार?"

"हो."

"मोठ्या अक्षरात?"

"माहीत नाही बा."

"सरी," तो म्हणाला. "बघायला येतो मी."

शनिवारी आम्ही गेलो. सुचेतानं टॅक्सी केली होती. सिल्क बोर्डाजवळ पाऊण तास गाडी हलली नाही. रघुजीनं तेवढ्यात चार वेळा काच खाली-वर केली. त्यानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, दोन्ही मनगटांना बटणं.

हॉल थंड होता. कातडी छतापासून तारांनी टांगलेली, प्रत्येकीमागे दिवा. मधली तलवार माणसापेक्षा उंच होती. टोक खाली होतं. त्याखाली पाटी. पाटी तीन लिप्यांत होती आणि शाल्मलीनं मला हाताला धरून तिच्यापुढे उभं केलं. मी वाचलं. 'मूळ गोंदण: सकवारबाई, आनेकल, १९६८. शेळीचं कातडं, शाई.' पुन्हा वाचलं. मग कन्नडमध्ये वाचलं. माझ्या आईचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, ना रेशनकार्डावर, ना कुठल्या दगडावर. मी तिथून हलले नाही.

"माझं नाव नाही ते बरं केलंत," रघुजी मागून म्हणाला.

माणसं जमली होती. तरुण मुलं-मुली, काही गोरे लोक, हातात छोटे कागदी पेले. शाल्मली त्यांना इंग्रजीत काहीतरी सांगत होती आणि मग आमच्याकडे वळली.

"अण्णा, फक्त दोन मिनिटं. स्लीव्ह वर कराल? ओरिजिनल दाखवायचंय त्यांना."

रघुजीनं माझ्याकडे बघितलं. शाल्मलीला काहीच माहीत नव्हतं. मला सगळं माहीत होतं.

"दाखव रे," मी म्हटलं.

त्यानं बटण काढलं. बाही तीन घड्या घालून कोपरावर नेली, फौजेत घालतात तशी सरळ. आणि हात पुढे धरला. फोन वर झाले. एक बाई अगदी जवळ आली, टोकासमोर, आणि म्हणाली, "ब्यूटिफुल." रघुजीनं मनगट वळवून टोक स्वतःच्या पोटाकडे केलं.

"सर, हात स्ट्रेट ठेवा ना," कोणीतरी म्हणालं. "पॉइंट दिसत नाहीये."

त्यानं हात सरळ केला नाही. तसाच वळवून दोन मिनिटं उभा राहिला, मोजून, मग बाही खाली घेतली. परत येताना टॅक्सीत तो काच खाली करून बसला, एकदाही वर केली नाही. आनेकल येईपर्यंत मी दोनदा त्याच्याकडे बघितलं.

शाल्मलीला मी दुसऱ्या दिवशी फोनवर सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "आजी, मी त्यांना सुई लावू शकत नाही. डायलिसिसवाल्या माणसाला लावतच नाही आम्ही." चार दिवसांनी ती आली, बंद पाकिटातल्या सुया, शाईच्या छोट्या बाटल्या आणि हातमोजे माझ्या मांडीवर ठेवले. "हे मी दिलेलं नाही हं," ती म्हणाली. रघुजीपुढे उभी राहिली आणि त्याच्या पाया पडली. तो म्हणाला, "अगं, स्वल्प कॉफी घेऊन जा." त्याला स्वतःला कॉफी चालत नव्हती.

दिवाळी झाल्यावर गुरुवारी आम्ही बसलो. अंगणात, सकाळच्या उजेडात. मी हात स्वच्छ केला, हातमोजे घातले, डोळ्यांना दोन चष्मे लावून बघितले आणि जाड काच ठेवली.

"टोकाकडून सुरू कर," रघुजी म्हणाला.

"वेल टोकाकडून कशी सुरू होईल? ती मुळापासून चढते."

"मुठीकडचं काही नाही. मूठ काय करते? टोक आधी झाकून टाक."

"अरे, पानं उलटी येतात तशानं. देठ वर आणि शेंडा खाली. आई बाजारात कोणाचं असं दिसलं तर म्हणायची, ही वेल आहे का झाडू?"

"येऊ देत उलटी."

"लोक नावं ठेवतील."

"कोण लोक, अक्का?"

पण हाताला साठ वर्षांचं वळण आहे. मी मुठीपाशी सुई टेकवली. कोयरीच्या बुडाशी मूळ धरलं, तिथून देठ काढला, पात्यावर आडवा नेला.

"सरी," रघुजी म्हणाला आणि मान खुर्चीला टेकवली.

कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. जरा टोचलं तरी रक्त यायचं आणि लवकर थांबायचं नाही. एका बैठकीत दोन पानं, फार तर तीन. मी दाबून धरायची, पुसायची, पुन्हा दाबायची. गोंदताना माणसाला बोलतं ठेवायचं असतं, म्हणजे दुखणं लांब जातं. मी त्याला बाजारातल्या गोष्टी सांगायची. नवऱ्याचं नाव काढायला आलेली बाई निम्म्यात उठून गेली आणि आयुष्यभर हातावर 'मल्ले' एवढंच घेऊन फिरली, ती गोष्ट. तो हसला की मी ओरडायची, "हलू नको." त्या दिवसांत तो घरात फिरायचा थांबला. खाट एके जागी राहिली.

गुरुवार, रविवार, गुरुवार, रविवार. डायलिसिसला तो अजून बाही खाली ठेवूनच जायचा, पण यल्लव्वानं पट्टा लावायला ती वर केली तेव्हा म्हणाली, "तात, तलवारीला पालवी फुटली की." तिथे पहिल्यांदा तो भिंतीकडे वळला नाही. मी समोर बसून बघत होते.

शेवटच्या रविवारपर्यंत ठिपक्यांची रेघ पुरी झाकली गेली होती. नऊ पानं. सरळ, मुळापासून शेंड्याकडे. पाणीदार काम नव्हतं ते, रेघा कापऱ्या होत्या, पण बघणाऱ्याला वेलच दिसली असती. मनगटावर दोन बोटांइतकी जागा उरली होती. टोक.

"आज होणार नाही?" त्यानं विचारलं.

माझा खांदा भरून आला होता. बोटांत सुई ठरत नव्हती. "शेंडा नाजूक असतो. घाई केली तर बिघडेल. गुरुवारी पुरं करू."

त्यानं मनगट उजेडात धरून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. केंद्रात जायला निघालो तेव्हा तो बाहेर आला तो अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. ऋतुराजचा जुना शर्ट होता, निळा, खांद्यात सैल. आणि डावा हात यंत्राला दिल्यापासून ट्रंकेत पडून असलेलं घड्याळ त्यानं उजव्या मनगटाला बांधलं होतं. पट्टा रुंद होता. टोक बरोबर त्याखाली गेलं होतं.

"कसं दिसतंय?" त्यानं विचारलं.

"साहेबासारखं," मी म्हटलं.

बसस्टँडवर आम्ही बाकावर बसलो. त्यानं उघडा हात मांडीवर ठेवला होता. शेजारी पुदिन्याच्या जुड्या घेऊन एक बाई बसली होती, तिनं ती पानं बघितली आणि कन्नडमध्ये विचारलं, कोणी काढली. त्यानं माझ्याकडे बोट केलं. बस लागली. मी पिशवी उचलून पुढे झाले, वळून बघितलं तर तो उठला नव्हता. मान खाली गेली होती. कंडक्टर आणि दोन माणसांनी त्याला रिक्षात घातलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, शुक्रवारनंतर थेट सोमवारी यंत्र, त्या मोठ्या खंडानंतर अशा पेशंटांचं असं होतं. पानांमुळे नाही, असंही म्हणाले. मी विचारलं नव्हतं. तिथल्या माणसानं त्याच्या अंगावरच्या वस्तू काढून कागदाच्या पाकिटात घातल्या आणि पाकीट माझ्या हातात दिलं. त्यात बसचा पास होता आणि घड्याळ. चादरीबाहेर त्याचा उजवा हात होता, मनगट उघडं. मी माझा तळवा त्यावर ठेवला. सुचेता येईपर्यंत तो तिथेच ठेवला.

पुढे एकानं वहीत लिहायला नाव विचारलं. मी म्हटलं, द्या, मी लिहिते. रघुजी, वय पंचाहत्तर, राहणार आनेकल. वारला सोमवारी, १८ नोव्हेंबर २०२४, सकाळी पावणेआठ वाजता.